हलकी रायफल, कोणता बोअर? खांद्याच्या हिशेबाने निवड कशी करायची

रायफल हलकी हवी असेल तर बोअर, म्हणजे नळीचा घेर आणि त्यात बसणारं काडतूस, एक पायरी खाली उतरवा. या लेखाचं सांगणं एवढंच आहे. ते असं का, आणि स्वतःच्या खांद्यावर ते तपासून कसं पाहायचं, हे मात्र नीट समजून घ्यावं लागतं.

ठाण्यात आणि नवी मुंबईत .२२ या छोट्या, स्पर्धेतल्या बोअरवर हात बसवलेली बरीच मुलं-मुली आता न्यूझीलंड, कॅनडा, स्वीडन अशा देशांत नोकरीला आहेत. तिथे परवाना काढून शिकार करणं कायदेशीर आहे, डोंगरात दोन-तीन दिवस चालावं लागतं, आणि साहजिकच पहिली ओढ हलक्या बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करायच्या) रायफलीकडे जाते. मग मला फोन येतो: "सर, अडीच किलोची .३०० विन मॅग मिळतेय, घेऊन टाकू का?" विन मॅग म्हणजे विंचेस्टर मॅग्नम, जबर दणक्याचा बोअर. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "त्या रायफलीने एका बैठकीत पाच राउंड तरी मारलेस का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि मुरबाड-शहापूरकडे ज्यांच्या घरी वडिलोपार्जित .३१५ बोअरची रायफल आहे त्यांच्यासाठीही.

आधी कायदा

भारतात हौसेची शिकार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने ती बंद केली आहे. येऊरच्या जंगलाची हद्द संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आहे, आणि तिथे बंदूक घेऊन फिरण्याचा विचारही करू नका. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याबाबत कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती हातात पडेपर्यंत रायफल कपाटातच राहिली पाहिजे. पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना ही निराळी गोष्ट आहे. परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येतं, हा गैरसमज आपल्याकडे खोलवर रुजला आहे आणि तो माणसाला थेट कोठडीत नेतो.

शस्त्रपरवान्यासाठी ठाणे शहरात ठाणे पोलीस आयुक्तालय, नवी मुंबईत तिथलं पोलीस आयुक्तालय आणि आयुक्तालयांच्या हद्दीबाहेरच्या ग्रामीण ठाण्यात जिल्हाधिकारी, असे दरवाजे आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. आता सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. तो सोडून दुसऱ्या बोअरचं शस्त्र किंवा काडतूस जवळ ठेवता येत नाही. वजन कमी व्हावं म्हणून नळी कापून आखूड करणं हा तर सरळ गुन्हा आहे. दस्त्याला रबरी पॅड बसवणं चालतं, नळीला करवत लावणं चालत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवा.

दणका मोजायचा कसा

रिकॉइल, म्हणजे बार होताना रायफल मागे देते तो दणका, ही सांगोवांगीची गोष्ट नाही. कागदावर दोन मिनिटांत तिचं गणित मांडता येतं. गोळी आणि जळलेली दारू पुढे जातात, तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत शिकलोच आहोत.

लागतात फक्त चार आकडे: गोळीचं वजन, तिचा वेग, दारूचं वजन आणि रायफलीचं वजन. नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूचा वेग ढोबळ हिशेबात सेकंदाला १२०० मीटर धरतात. काडतुसांवर वजनं ग्रेनमध्ये असतात. एक ग्राम म्हणजे १५.४३ ग्रेन.

.३०८ विंचेस्टरचं नेहमीचं १५० ग्रेनचं काडतूस घेऊ. गोळी ९.७ ग्राम, वेग सेकंदाला ८६० मीटर, दारू साधारण ३ ग्राम. ग्रामचे किलो करून गुणलं की गोळीचा संवेग ८.३ आणि वायूचा ३.६ येतो, म्हणजे दोन्ही मिळून १२ धरायला हरकत नाही. आता १२ ला रायफलीच्या वजनाने भागा. ४ किलोची रायफल सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे येते, ३ किलोची ४ मीटरने आणि अडीच किलोची ४.८ मीटरने. ऊर्जा काढायला वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणा. उत्तरं १८ ज्यूल, २४ ज्यूल आणि जवळपास २९ ज्यूल.

काडतूस तेच, गोळी तीच. फक्त दीड किलो वजन उतरवलं आणि दणका दीडपटीहून जास्त झाला. दुकानात हातात घेतल्यावर जी रायफल फुलासारखी वाटते, तिचा हा दुसरा चेहरा चाप ओढल्यावरच दिसतो.

याच रीतीने ३ किलोच्या रायफलीत बाकीचे बोअर मांडून पाहू. काडतूस बनवणाऱ्यागणिक आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, पण क्रम बदलत नाही. .२२ लाँग रायफलचा दणका अर्ध्या ज्यूलच्याही आत असतो. .२२३ रेमिंग्टन ५ ज्यूलच्या आसपास, .२४३ विंचेस्टर १०० ग्रेन गोळीला १४, ६.५ क्रीडमूर १४० ग्रेनला १९, ७ मिमी-०८ रेमिंग्टन १४० ग्रेनला २० च्या थोडं वर, .२७० विंचेस्टर १३० ग्रेनला २५, .३०-०६ स्प्रिंगफील्ड १८० ग्रेनला ३२ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम १८० ग्रेनला ४३ च्या पुढे. फोनवरच्या त्या मुलाची अडीच किलोची .३०० विन मॅग ५० ज्यूल ओलांडते. .२२ वर वाढलेल्या माणसासाठी ही उडी शंभरपटीहून मोठी आहे.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली सेंटरफायर रायफल (.२२ च्या वरची, जिच्या काडतुसाला पिन मधोमध लागते ती) २० ज्यूलच्या आत असावी. नेमाने सराव करणारा माणूस पुढे २५ पर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे जायला काही सबळ कारण लागतं, आणि "पुढेमागे मोठं जनावर आलं तर" हे कारण होत नाही.

वजन कोणाचं, हे नीट पाहा

जाहिरातीतलं वजन नागड्या रायफलीचं असतं. टिक्का टी३एक्स लाइटसारखी रायफल २.९ किलोच्या घरात येते. तिच्यावर ४०० ते ६०० ग्रामचा स्कोप, माउंट, पट्टा आणि भरलेली मॅगझिन चढली की ती साडेतीन किलोच्या पुढे जाते. दणक्याचं गणित या भरल्या वजनावर करायचं आणि खांद्यावर वाहायचं वजनही हेच. म्हणून स्वयंपाकघरातल्या नव्हे, सामान मोजायच्या लटकणाऱ्या काट्यावर पूर्ण सजवलेली रायफल टांगून आकडा लिहून ठेवा. परदेशात दुकानदार हे आनंदाने करू देतात.

माझ्या मते डोंगरातल्या चालीसाठी भरलेली ३.२ ते ३.६ किलोची रायफल उत्तम. त्याखाली गेलं की दणक्यासोबत दुसरी एक अडचण येते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: हलकी रायफल स्थिर राहत नाही. हाताचा थरथराट, छातीचे ठोके, वारा, सगळं नळीच्या टोकाला दिसायला लागतं. ५० मीटर प्रकारातली स्पर्धेची .२२ उगाच जड नसते. जो हात त्या वजनाला सरावला आहे त्याला अडीच किलोची रायफल उभ्याने धरताना वाऱ्यावरच्या काडीसारखी भासते.

आकडा सारखा, तरी एक रायफल जास्त का लागते

ऊर्जा सारखी असली तरी दोन रायफली खांद्याला वेगळ्या जाणवतात. एक कारण वेग. जड रायफल हळू ढकलते, हलकी चटका देते. मागे येण्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या वर गेला की बहुतेकांना तो ढकलल्यासारखा न वाटता फटका बसल्यासारखा वाटतो.

दुसरं आणि मोठं कारण दस्ता. दस्त्याची वरची कड सरळ असेल तर दणका थेट खांद्यात जातो, उतरती असेल तर दस्ता उसळून गालावर आदळतो. मागचं टोक रुंद असावं, पॅड मऊ असावा. जुन्या .३१५ मध्ये नेमकं इथेच दुखतं. तिची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रामची, जड आणि संथ. काडतूस तसं सोसण्यासारखं आहे, पण दस्त्याच्या टोकाला कडक, अरुंद बटप्लेट असते. ती खांद्याच्या हाडात रुतते आणि "ही बंदूक लाथ मारते" अशी तिची ख्याती होते. परवानाधारक दुरुस्ती कारागिराकडून चांगला रबरी पॅड बसवून घेतला तर तीच रायफल माणसाळते.

दस्त्याची लांबी आपल्या माणसांनी खास बघावी. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर परदेशी रायफलीत बहुधा साडेतेरा ते चौदा इंच असतं. सव्वापाच-साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ते लांब पडतं. मग मान पुढे ताणली जाते, खांदा मागे जातो आणि दस्ता दंडावर टेकतो. तिथे हाड आणि नस, दोन्ही उघडी असतात. सुटे स्पेसर (लांबी कमी-जास्त करायच्या चकत्या) असलेला दस्ता घ्या. आणि मोजताना अंगात जाड जॅकेट असू द्या. ठाण्याच्या उकाड्यात टी-शर्टवर जुळवलेली लांबी न्यूझीलंडच्या बर्फात दोन-अडीच सेंटिमीटरने चुकते.

दस्ता टेकवायची जागा म्हणजे हासळीच्या हाडाखालचा, छाती आणि खांद्याच्या मधला मांसल खळगा. कोपर किंचित उचलला की तो खळगा आपोआप तयार होतो. रिकाम्या हाताने आत्ता करून पाहिलंत तरी जाणवेल.

जनावर, अंतर आणि मग बोअर

आता कुठे बोअरकडे येऊ. क्रम हाच ठेवा: काय मारायचं, किती अंतरावरून, आणि सर्वांत शेवटी बोअर.

न्यूझीलंडचं उदाहरण घेतो, कारण तिथून सर्वाधिक विचारणा होते. तिथे हरणं, शॅमॉय आणि थार (दोन्ही डोंगरी, बोकडासारखे प्राणी) हे सगळे बाहेरून आणलेले प्राणी. स्थानिक वनस्पतींची ती नासाडी करतात म्हणून त्यांची संख्या आटोक्यात ठेवणं हे सरकारी धोरण आहे. हिमालयन थार १९०४ साली तिथे सोडले गेले. आपल्या हिमालयात ज्याला कायद्याने जपलं जातं तोच प्राणी तिथे डोंगरचे डोंगर बोडके करतो, म्हणून तिथे शिकाऱ्याचं काम उपयोगाचं ठरतं. सरकारी जमिनीवर शिकारीचा परवाना तिथल्या संवर्धन विभागाकडून मोफत मिळतो. बंदुकीचं लायसन्स मात्र वेगळं काढावं लागतं.

शॅमॉय लहान असतो, पन्नास किलोच्या आतबाहेर. त्याला .२४३ पुरते. थारचा मोठा नर शंभर किलोच्या पुढे जातो, अंगावर जाड आयाळ, आणि तो कड्यावर उभा असतो. गोळी चुकीच्या जागी लागली तर जखमी जनावर दरीत जातं, ते शोधायला माणूस जातो आणि कधी कधी माणूसच परत येत नाही. इथे ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिमी-०८ योग्य. लाल हरणालाही हेच दोन बोअर तीनशे मीटरपर्यंत पुरून उरतात. हलक्या रायफलीसाठी मला स्वतःला ७ मिमी-०८ सर्वांत आवडतो: आखूड अ‍ॅक्शनमध्ये (बोल्टच्या आखूड यंत्रणेत) बसतो, २० इंची नळीतही वेग फारसा गमावत नाही, आणि दणका तुमच्या हातात राहतो. पण दुकानात काडतुसं सहज मिळणं हाही मोठा गुण आहे आणि त्यात ६.५ क्रीडमूर आणि .३०८ पुढे आहेत. ६.५ क्रीडमूर २००७ सालचा, पण आज जवळजवळ सगळीकडे मिळतो.

कायद्याची किमान मर्यादाही बघावी लागते. इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक हरणांसाठी रायफल .२४० इंचाहून लहान चालत नाही आणि गोळीची ऊर्जा किमान १७०० फूट-पौंड, म्हणजे साधारण २३०० ज्यूल लागते. स्वीडनमध्ये मूसच्या शिकारीला गोळीचं वजन आणि शंभर मीटरवरची ऊर्जा दोन्ही ठरवून दिलेली आहेत, आणि त्या देशात ६.५×५५ या सौम्य काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले गेले आहेत. मूस म्हणजे घोड्याएवढं जनावर. ज्यांना ६.५ "बायकांचा बोअर" वाटतो त्यांनी हे ऐकून घ्यावं.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्यावर जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी रिग्बी कंपनीची .२७५ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल भेट दिली. .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ माउझरच, दणक्याच्या दृष्टीने ७ मिमी-०८ चा थोरला भाऊ. कुमाऊँच्या डोंगरात मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसाने हलकी रायफल आणि मध्यम बोअर जवळ केला, यात मला मोठा अर्थ दिसतो. कॉर्बेटकडे मोठ्या बोअरची दुनळीही होती, तरी पायी हिंडताना कामाला आली ती ही.

.३०८ बद्दल दोन शब्द. १९५२ साली विंचेस्टरने हा बोअर आणि मॉडेल ७० फेदरवेट ही हलकी रायफल बरोबरच बाजारात आणली, म्हणजे हलकी रायफल आणि .३०८ ही जोडी जुनी आहे. भरलेली रायफल साडेतीन किलो असेल तर १५० ग्रेन गोळीचा दणका २० ज्यूलच्या जरा वर राहतो. ते ठीक. १८० ग्रेनच्या मागे लागू नका. गोळीचं वजन वाढलं की दणका वाढतो आणि हरणाला त्याचा काही वेगळा फायदा नाही. सुरुवातीला कमी दारूची सौम्य काडतुसं मिळाली तर ती घ्या.

नळीचं तोंड आणि कान

हलकेपणासाठी आखूड नळी घेतली की आवाज आणि झोत वाढतो, आणि अर्धा दचका दणक्याचा नसून आवाजाचा असतो. रायफलीच्या बाराचा आवाज १५५ ते १७० डेसिबल असतो. १४० पासून पुढे एका बाराने कान कायमचा दुखावू शकतो. म्हणून सरावात आत फोमची बोंडं आणि वर मफ, दोन्ही लावायचे.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचं, वायू बाजूला वळवणारं भोकांचं टोपण) दणका तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त कमी करतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. डोंगरात कानावर काही नसताना ब्रेकची रायफल झाडणं मला मान्य नाही. सोबत्याचा कान तुमच्यापेक्षा वाईट जागी असतो. न्यूझीलंडमध्ये सप्रेसर (नळीच्या तोंडावरचा आवाज दाबणारा नळकांडा) कायदेशीर आणि सर्रास आहे, तो आवाज २० ते ३० डेसिबलने उतरवतो आणि दणकाही कमी करतो. तिथे असाल तर पहिला खर्च त्यावर करा. भारतात सप्रेसर निषिद्ध आहे, त्यामुळे इथे येताना तो सामानात चुकूनही राहता कामा नये.

दचकणं पकडायची चाचणी

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तीन किलोच्या .३०८ मध्ये गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम २ मिलिमीटर मागे सरकलेली असते. जो दणका खांद्याला जाणवतो त्यातला बहुतांश गोळी निघून गेल्यावरचा आहे. मग नेम कशाने चुकतो? दणक्याच्या भीतीने बार होण्याआधीच शरीर जे करतं त्याने.

ते बघायचं असेल तर रेंजवर एका सोबत्याला बाजूला बसवा. रेंज अधिकाऱ्याची परवानगी घ्या. रंगाने वेगळी ओळखू येणारी डमी काडतुसं आणि खरी काडतुसं सोबत्याने मिसळून मॅगझिन भरायची, तुम्ही पाहायचं नाही. नळी सतत टार्गेटकडेच. मग नेहमीसारखा नेम घ्या आणि चाप ओढा. डमीवर पिन पडते, टक्‌ असा बारीक आवाज येतो, आणि त्या क्षणी नळीचं टोक काय करतं ते सोबत्याने बघायचं. दचकणाऱ्याची नळी टक्‌बरोबर बोटभर खाली डुबकी मारते. उजवा खांदा पुढे येतो. डोळे घट्ट मिटलेले असतात. दस्त्यावरची पकड पांढरी पडते. मारणाऱ्याला स्वतःला यातलं काहीच कळलेलं नसतं. सोबत्याने मोबाइलवर चित्रण केलं तर तो ते बघून गप्प होतो.

डमीवर नळी निश्चल राहिली, तर तो बोअर तुमचा. डुबकी दिसली तर त्या दिवशी मोठा बोअर बंद. .२२ वर या, तीच चाचणी .२२ च्या प्लास्टिक डमीने करा, नळी शांत होईपर्यंत करा. दचक्यावर आणखी मोठ्या बोअरची काडतुसं झाडून तो जात नाही, उलट पक्का होतो. रायफल विकत घेण्याआधी कुणाची तरी त्याच बोअरची, त्याच वजनाची रायफल मागून घेऊन ही चाचणी केली तर हजारो रुपये आणि एखादं जखमी जनावर वाचतं.

टेबलावर आणि डोंगरात

टेबलाशी बसून मारताना दणका सगळ्यात जास्त लागतो, कारण छाती पुढे झुकलेली आणि अंगाला मागे जायला जागा नसते. टेबल उंच करा, पाठ सरळ ठेवून बसा, खांदा आणि दस्त्यामध्ये जाड पॅड घ्या. एका बैठकीत मोठ्या बोअरचे वीसच्या वर राउंड नकोत. झोपून मारताना शरीर रायफलीच्या मागे सरळ रेषेत असू द्या. तिरपे झोपलात तर दणका हासळीच्या हाडावर येतो.

स्कोप आणि डोळा यांत ९ ते १० सेंटिमीटर अंतर हवं. हलकी रायफल, चढावरचा नेम आणि जवळचा स्कोप असं तिन्ही जुळून आलं की भुवईवर अर्धचंद्राकृती जखम होते. चढावर नेम धरताना डोकं नकळत पुढे सरकतं, म्हणून स्कोप बसवताना उतरत्या आणि चढत्या अशा दोन्ही अवस्थांत तपासा.

जड रायफलीला वाळूच्या पिशवीवर मोकळं सोडलं तरी चालतं. हलकीला नाही. ती उसळते आणि गोळी वर जाते. पुढचा हात दस्त्याच्या पुढच्या भागावर ठेवून तिला हलक्या पण ठाम दाबाने धरा, आणि झिरो करतानाही (स्कोपचा नेम आणि गोळीची जागा जुळवतानाही) तसंच धरा. टेबलावर एका पद्धतीने झिरो आणि कड्यावर दुसऱ्या पद्धतीने नेम, असं झालं तर दोन्हींत दोनशे मीटरवर फरक पडतो. पातळ नळी लवकर तापते, तापली की गोळ्या सरकायला लागतात. तीन राउंड, मग बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच जाणार असते, म्हणून रोज सकाळची पहिली गोळी कुठे लागते याची नोंद सर्वांत मोलाची.

ठाण्यात बसून काय करता येतं

पुष्कळ. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ते .२२ वर. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने, या तीन अवस्था डोंगरातल्या शिकाऱ्यालाही जशाच्या तशा लागतात. .२२ ची गोळी नळीत जास्त वेळ असते, त्यामुळे बार झाल्यावरही नेम धरून राहायची सवय ती सक्तीने लावते. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलचे स्पर्धक साडेपाच किलोपर्यंतच्या रायफलीत ६ मिमी बीआर हे छोटं काडतूस वापरतात, त्याचा दणका ६ ज्यूलच्या आसपास. अव्वल नेमबाज दणका टाळतात, अंगावर घेत नाहीत, हे यातून दिसतं.

घरी ड्राय फायरिंग, म्हणजे काडतुसाशिवाय चाप ओढायचा सराव, करा. सेंटरफायर बोल्ट रायफलीला ते चालतं, तरी स्नॅप कॅप (पिनचा मार झेलणारं डमी काडतूस) वापरा. .२२ मध्ये मात्र पिन चेंबरच्या काठावर आदळते, म्हणून तिथे डमीशिवाय नको. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी तपासा. खिडकीचे पडदे लावा, समोरच्या टॉवरमधल्या माणसाला घाबरवण्याचं कारण नाही. पाच मीटरवरच्या भिंतीवर ३ मिलिमीटरचा काळा ठिपका काढा. तीनशे मीटरवरच्या हरणाचा छातीचा वीस सेंटिमीटरचा भाग डोळ्याला एवढाच दिसतो. स्कोप एवढ्या जवळ धूसर दिसेल, शक्ती अगदी कमी ठेवा.

दमछाकेचा सराव रायफलीशिवाय होतो. पाठीवर दहा किलोची सॅक, आणि येऊरला मामा-भाच्याचा डोंगर किंवा खारघरच्या टेकड्या. पावसात तेही जमत नसेल तर घोडबंदर रोडच्या इमारतीतले पंधरा मजले चढून वर या आणि धाप लागलेली असतानाच जमिनीवर आडवे होऊन ड्राय फायरचे पाच चाप ओढा. श्वास अर्धा सोडून थांबायची जागा तेव्हाच सापडते.

जून ते सप्टेंबर इथली हवा लोखंड खाते, खाडीकाठच्या ऐरोली-वाशीत तर जास्तच. रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवू नका, फोम ओल धरतो. सिलिका जेल, तेलाचा पातळ हात आणि आठवड्याला एकदा कोरड्या कापडाने पुसणं, यात खंड नको.

परदेशी पोचल्यावर पहिल्याच दिवशी डोंगराकडे निघू नका. एकाच लॉटची शंभर काडतुसं घ्या. पहिली वीस झिरो करायला आणि थंड नळीच्या नोंदीसाठी, चाळीस गुडघ्यावर, बसून आणि सॅकवर रायफल टेकवून शंभर ते दोनशे मीटरवर, आणि वीस काडतुसं डमी मिसळून करायच्या चाचणीसाठी. उरलेली वीस शिकारीला. पहिली ऐंशी संपेपर्यंत ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या वीस सेंटिमीटरच्या ताटलीत पडतात, ते तुमचं अंतर. जनावर त्यापलीकडे असेल तर जवळ जा, नाहीतर चाप ओढू नका.